कुत्री तोंड चाटते आणि मग गुरगुरते, ते का?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंदिरानगरमध्ये फ्लॅट, घरात दोन वर्षांची देशी कुत्री, सहा महिन्यांची असताना रस्त्यावरून आणलेली. सहा वर्षांची मुलगी तिला मिठी मारते, कुत्री मुलीचं तोंड भराभरा चाटते आणि सगळ्यांना ते गोड वाटतं. आजी म्हणतात, लळा लागलाय. मागच्या आठवड्यात मात्र तशीच चाटता चाटता ती गुरगुरली. शिवाय रात्री पुढचे पंजे चाटत बसते, तिथले केस तपकिरी झालेत. चाटणं म्हणजे प्रेम ना, मग गुरगुरली का, आणि रागावून ही सवय मोडायची का, असं तुम्ही विचारलंय.

आधी आजच करायच्या गोष्टी सांगतो. गुरगुरल्याबद्दल तिला रागावू नका. मुलीचं मिठी मारणं आजपासून पूर्ण बंद. पंजांसाठी या आठवड्यात पशुवैद्याकडे जा. तो वेगळा प्रश्न आहे, पण दोन्ही एकमेकांत अडकलेले असू शकतात. आता कारणं.

खरी अडचण गुरगुरण्याच्या बरीच आधी सुरू झालेली दिसते. 'चाटते म्हणजे खूश आहे' असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय, आणि त्यामुळे चाटताना तिचं बाकीचं अंग काय करतंय हे कोणी बघत नाही. कुत्रा जीभ अनेक कामांना वापरतो. पिल्लू आईच्या तोंडाला चाटतं ते तिने खाल्लेलं ओकून द्यावं म्हणून. लांडग्यांत हे सर्रास दिसतं, गल्लीतली कुत्रीही कधी कधी पिल्लांना असं भरवते. मोठा झालेला कुत्रा तेच चाटणं समोरच्याला शांत करायला वापरतो: 'मी लहान आहे, मला काही करू नकोस'. घामाच्या खारट चवीसाठी चाटणं आहे, लक्ष वेधायला चाटणं आहे, लाडाने चाटणंही अर्थात आहेच. आणि 'आता पुरे, जरा लांब हो' म्हणून चाटणं आहे. तुमच्या वर्णनावरून मला या शेवटच्या प्रकाराचा दाट संशय येतो. कुत्री समोर नसताना याहून ठाम बोलणं बरोबर नाही, पण तुम्ही स्वतः ताडून बघू शकता.

लाडाचं चाटणं संथ असतं. जीभ पसरट, अंग सैल, डोळे अर्धवट मिटलेले, आणि बहुतेक वेळा हात किंवा पाय चाटला जातो, तोंड नाही. कुत्री स्वतःहून जवळ आलेली असते, थांबवलं तरी जवळच रेंगाळते. लांब सारण्यासाठीचं चाटणं याच्या अगदी उलट. मुलगी तिच्याकडे गेलेली असते, ती मुलीकडे नाही. जिभेच्या टोकाने तोंडावर, हनुवटीवर भराभर फटकारे बसतात. मान पुढे ताणलेली, पण अंगाचा भार मागच्या पायांवर. कान मागे डोक्याला चिकटलेले. चाटणं थांबतं त्या क्षणी मान दुसरीकडे वळते.

आता यातून काय शिकलं जातं ते पाहा. मुलगी मिठी मारते, कुत्रीला कोंडल्यासारखं होतं, ती तोंड चाटते. मुलगी खिदळत मागे सरते, तोंड पुसते. कुत्रीला हवी होती ती जागा मिळाली, म्हणजे उपाय लागू पडला. पुढच्या मिठीला ती आणखी लवकर चाटते. महिनोन् महिने हे चालतं. मग एके दिवशी मुलगी मागे सरत नाही, गळ्यातला हात आणखी घट्ट करते. चाटूनही सुटका होत नाही म्हटल्यावर कुत्री वरची पायरी चढते आणि गुरगुरते. घरच्यांच्या दृष्टीने हे 'अचानक' असतं. तिच्या दृष्टीने तिने कितीदा तरी सांगून झालेलं असतं.

म्हणूनच रागावू नका. ओरडा बसला की गुरगुरणं बंद होतं, यात शंका नाही. पण कुकरची शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ कमी होत नाही. मिठीची भीती तशीच राहते, वर 'मुलगी जवळ आली की ओरडा बसतो' एवढी भर पडते. मुलांना चावलेल्या कुत्र्यांबद्दल 'काहीच इशारा दिला नाही हो' असं जेव्हा ऐकू येतं, तेव्हा गुरगुरण्यावर पूर्वी काय केलं होतं हा माझा पहिला प्रश्न असतो. उत्तर बहुतेक वेळा थप्पड किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी असं येतं.

पुन्हा गुरगुरली तर मुलीला नेहमीच्या आवाजात आपल्याकडे बोलवा. कुत्रीला पकडायला, पट्ट्याने ओढायला जाऊ नका, तिला निघून जाऊ द्या. नंतर कागदावर लिहून ठेवा: काय चाललं होतं, ती कुठे बसली होती, कोणी कुठे हात लावला, त्या दिवशी आणखी काय घडलं होतं. हा शेवटचा मुद्दा लोक सोडून देतात. ताण साठत जातो. आदल्या रात्री फटाके, सकाळी पाहुणे, दुपारी विसर्जनाचे ढोल, आणि संध्याकाळी तीच मिठी जी एरवी तिने सहन केली असती. नाशिकला रंगपंचमीच्या दिवशी तर घरात माणसांची ये-जा, ओले कपडे, आरडाओरडा, शिवाय अंगावर पडलेला रंग कुत्री चाटून काढते ते निराळंच. अशा दिवशी तिला आतल्या खोलीत पाणी आणि अंथरूण देऊन दार लावून ठेवलं तर तिच्यावर अन्याय होत नाही.

आता बाकीचं शरीर कसं वाचायचं. सगळ्यांत उपयोगी खूण लोकांना माहीतच नसते: तोंड मिटणं. आरामात असलेल्या कुत्र्याचं तोंड किंचित उघडं, ओठ सैल असतात. काही नकोसं झालं की तोंड पटकन मिटतं, क्षणभर श्वासही थांबल्यासारखा वाटतो. त्यानंतर जीभ झर्रकन बाहेर येऊन नाकाला लागून आत जाते, इतक्या वेगाने की मोबाईलचा व्हिडिओ सावकाश चालवल्याशिवाय ती दिसतही नाही. मग जांभई, मान वळवणं, एक पुढचा पाय उचलून धरणं, जमीन हुंगायला लागणं. मान वळलेली पण नजर मुलीवरच असेल तर डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या भागाची चंद्रकोर दिसते. ती दिसली की मुलीला ताबडतोब बाजूला बोलवायचं. आणि सगळं अंग एकदम ताठ होऊन थिजलं, तर ते गुरगुरण्याइतकंच गंभीर आहे, आवाज आला नाही तरीही.

यातली एकच खूण सुटी धरू नका. जेवण झाल्यावर ओठ चाटले तर ते जेवणाचेच. झोपेतून उठून दिलेली जांभई झोपेचीच. पण माणूस वाकून जवळ आल्यावर चार-पाच सेकंदांत ओठ चाटणं, मान वळवणं, कान मागे जाणं असं दोन-तीन एकत्र दिसलं, तर अर्थ स्पष्ट आहे.

तुमची कुत्री देशी आहे हे एका परीने बरं. उभे कान आणि आखूड केस यामुळे सगळं दिसतं. लॅब्रॅडॉरचे लोंबते कान वाचताना कानाच्या मुळाकडे पाहावं लागतं, पगच्या सुरकुत्यांत तर अर्धी भाषा हरवते. मात्र शेपटीबाबत जपून. बऱ्याच देशी कुत्र्यांची शेपूट मुळातच पाठीवर वळलेली असते. त्यामुळे 'शेपूट वर म्हणजे तोरा' हे तिला लागू नाही. तिची शेपूट ती पंख्याखाली निवांत उभी असताना कशी असते ते आधी बघून ठेवा आणि तिथून काय बदलतं ते मोजा. वळलेली शेपूट उलगडून सरळ खाली आली तर काहीतरी बिनसलंय, पायांत गेली तर सांगायलाच नको. आणि हलणारी शेपूट म्हणजे खुशी, हेही अर्धंच खरं. कंबरेपासून सगळं अंग सैलपणे हलत असेल तर खुशी. अंग ताठ, शेपूट उंच आणि फक्त टोक थरथरतंय, तर लांब राहा. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. मौजेची गोष्ट आहे, पण घरात त्यावर निर्णय घेऊ नका, एवढा सूक्ष्म फरक नुसत्या डोळ्यांना भरवशाने दिसत नाही.

रागावल्यावर ती ओठ चाटते, मान खाली घालते, आणि घरचे म्हणतात 'बघा, चूक कळली'. तसं नाही. कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा 'अपराधी' चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. रागावलेल्या माणसांचे चेहरे नुसते पडद्यावर दाखवले तरी कुत्रे तोंड जास्त चाटतात, हेही नंतर दिसून आलंय. म्हणजे ओरडून तुम्हाला मिळते ती घाबरलेली कुत्री, आणि ती पुन्हा चाटणारच.

मग मुलीने काय करायचं? मिठी नाही, तोंडाला तोंड नाही, झोपलेल्या कुत्रीला हात नाही, जेवताना जवळ जाणं नाही. सहा वर्षांच्या मुलीला नुसतं 'नाही' सांगून भागत नाही, काय करायचं तेही द्यावं लागतं. तिने कुत्रीकडे जायचं नाही, कुत्रीला आपल्याकडे बोलवायचं. आली तर छातीवर किंवा खांद्यावर, डोक्यावरून हात न नेता, तीन मोजेपर्यंत कुरवाळायचं. मग दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवायचे आणि बघायचं. कुत्रीने नाकाने हात ढोसला, अंग टेकलं, तर आणखी तीन अंक. मान वळवली, अंग झटकलं, ओठ चाटले, उठून गेली, तर खेळ संपला. मुलांना हा मोजायचा खेळ आवडतो, थोड्या दिवसांत ती आजीलाही शिकवायला लागतात. हे सगळं मोठं माणूस हाताच्या अंतरावर असतानाच. स्वयंपाक चालू आहे, फोन आलाय, तर दोघींच्या मधलं दार बंद. लहान मुलं दात दाखवणाऱ्या कुत्र्याला 'हसतोय' समजतात, म्हणून खुणा ओळखायची जबाबदारी मुलीवर टाकू नका.

कुत्रीची एक जागा ठरवा: वाटेत नसलेला कोपरा, गादी, आणि नियम असा की ती तिथे असताना तिला कोणीही हात लावायचा नाही, पाहुण्यांनीही नाही. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर जेवणाच्या टेबलाखाली चालते. गुरगुरण्याला पर्याय म्हणून उठून निघून जाणं तिला शक्य असायला हवं, आणि निघून गेल्यावर कोणी मागे लागता कामा नये.

याच्या जोडीला तिला नाकाने तळहात लावायला शिकवा. तिच्या नाकापासून साधारण १० ते १५ सेंटीमीटरवर उघडा तळहात धरा, नाकावर नेऊ नका. ती हुंगायला पुढे येऊन नाक लावते त्या क्षणी 'हो' म्हणा आणि दुसऱ्या हाताने वाटाण्याएवढा पनीर किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. एका वेळी पाच-सहा वेळा, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत आटपायचं. हाताने खाऊ दाखवून ओढू नका, नाहीतर ती हाताकडे न येता खाऊकडे येते. आठवड्याभरात जमलं की मग मुलीचा तळहात, तुमचा हात तिच्या हाताखाली ठेवून. यामुळे भेटायची एक ठरलेली, छोटी पद्धत दोघींना मिळते, ज्यात चेहरा जवळ येत नाही आणि कोणी कोणाला धरत नाही.

इथे एक फरक सांभाळा, कारण बरेच सल्ले इथेच फसतात. 'चाटलं की दुर्लक्ष करा' हा उपाय लक्ष वेधायला चाटणाऱ्या कुत्र्यासाठी आहे. तुम्ही टीव्ही बघताय, ती येऊन हात चाटते, तुम्ही 'अगं बास' म्हणत ढकलता, तर ढकलणं हेही तिला लक्षच वाटतं. तिथे न बोलता, न बघता उठून जायचं, आणि ती शांत बसली की आपणहून बोलवायचं. पहिले काही दिवस चाटणं वाढेल, नेमके तेव्हाच लोक कंटाळून सोडून देतात आणि कुत्रीला कळतं की जास्त चिकाटी धरली की जमतं. पण ताणामुळे चाटणाऱ्या कुत्रीकडे दुर्लक्ष करणं म्हणजे तिचं म्हणणं ऐकायचं नाकारणं. तिथे मिठीच थांबवायची.

पंजे. सतत एकच जागा चाटली की लाळेतल्या रंगद्रव्यामुळे फिके केस तपकिरी होतात, म्हणजे हे बऱ्याच दिवसांपासून चालू आहे. 'कंटाळा आलाय म्हणून चाटते' हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. आधी खाज आणि दुखणं तपासायचं. बोटांच्या बेचक्या उघडून बघा: लाली, ओलसर वास, फोड, काटा, गोचीड. नाशिकमध्ये मोकळ्या प्लॉटांवर पावसाळ्यापासून माजणारं गाजरगवत हे संशयित आहेच, आणि फरशी फिनाईलने पुसून ओली असतानाच कुत्री त्यावरून फिरत असेल तर तेही. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या मधून कोरडे करा, ओले ठेवले तर बुरशी वाढते. खाज पंजांबरोबर कानांत आणि काखेतही असेल तर ॲलर्जीचा विचार डॉक्टर करतील. माणसांची मलमं लावू नका, विशेषतः दुखण्यावरची. ती चाटली जातात, आणि डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे. गळ्यात प्लास्टिकचा शंकू घातला तर चाटणं थांबतं, खाज थांबत नाही. खाजणारा कुत्रा चिडका होतो, झोप मोडते, सहनशक्ती घटते. पंजे आणि गुरगुरणं अडकलेले असू शकतात म्हटलं ते यासाठी. मान, कान, कंबर इथे कुठे दुखत असेल तर मिठी तिथेच दाबते, म्हणून डॉक्टरांना गुरगुरण्याबद्दलही सांगा.

फरशी, भिंत, सोफा चाटत असेल तर पोटाकडे बघा. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठात अशा १९ कुत्र्यांची तपासणी झाली, त्यातल्या १४ जणांच्या पचनसंस्थेत बिघाड सापडला. वारंवार ओठ चाटणं, लाळ गिळणं, गवत खायला धावणं ही मळमळीची लक्षणं. आपल्याकडे द्राक्षांच्या दिवसांत हे दिसलं आणि उलटी झाली तर थांबू नका. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष ठरू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे सांगता येत नाही. घरात पेटी आली की ती उंचावर ठेवा.

तोंड चाटण्याबाबत आरोग्याचं एवढंच. धड कातडीवर चाटलं तर साबणाने धुतलं की पुरे. पण लाळ जखमेवर, डोळ्यात किंवा ओठांच्या आत गेली आणि कुत्र्याच्या रेबीज लसीची खात्री नसेल, तर ते चाव्याइतकंच गंभीर धरतात: साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं (डोळा असेल तर नुसत्या पाण्याने) आणि त्याच दिवशी सिव्हिल किंवा जवळचा दवाखाना गाठायचा. तुमच्या कुत्रीची वार्षिक लस आणि जंताचं औषध वेळेवर आहे का, कार्ड काढून बघा. घरात कोणाची प्लीहा काढलेली असेल किंवा केमोथेरपी चालू असेल, तर तोंड चाटू देणं पूर्ण बंद, कारण निरोगी कुत्र्याच्या लाळेतले जंतूही त्यांना जड जाऊ शकतात.

पशुवैद्याकडे किंवा वर्तनतज्ज्ञाकडे जाताना व्हिडिओ न्या, पण व्हिडिओसाठी मुलीला मिठी मारायला लावू नका. नेहमीच्या वावराचा, कुत्रीच्या उंचीवरून, बाजूने घेतलेला, तिचं पूर्ण अंग दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा पुरे. नुसत्या चेहऱ्याच्या क्लिपवरून शेपूट आणि वजन कुठे आहे ते कळत नाही. मिठी थांबवल्यापासून दोन-तीन आठवड्यांत तोंडावरचं भराभर चाटणं कमी झालेलं दिसायला हवं. ते कमी झालं नाही, गुरगुरण्याची कारणं वाढत गेली, किंवा हवेत चावा मारला, तर घरगुती उपाय थांबवा, दोघींमध्ये लहान मुलांसाठी दारात लावतात तसं फाटक लावा आणि प्रत्यक्ष घरी येऊन बघेल असा माणूस बोलवा. 'मी कुत्र्याला वठणीवर आणतो' म्हणणारा आणि पहिल्या भेटीत गळ्याला काट्यांचा पट्टा लावणारा असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.